उरलेले रंग

माझ्या आईला आयुष्यभर एकाच बाईची भीती वाटली, आणि ती बाई आईच्या लग्नाआधीच वारली होती. बाबांची पहिली बायको. घरात तिला थोरली म्हणायचे. तिची बाधा होऊ नये म्हणून आईच्या गळ्यात तिच्या नावाने घडवलेला चांदीचा टाक असे. तरी आईला ताप आला की तो थोरलीनेच आणलेला. नातेवाइकांचं वेगळंच, मेल्या म्हशीला मणभर दूध! थोरलीसारखी पुरणपोळी म्हणे कुणाला जमलीच नाही. मला या सगळ्याचा मनस्वी राग यायचा.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी उत्तरेतल्या रामघाटच्या आमच्या मराठी घरी कंप्यूटर आणून छपाईची कामं करत होते. सवाष्ण गेलेल्यांच्या श्राद्धाच्या दिवसाआधी, अविधवा नवमीआधी, बाबा थोरलीचा फोटो घेऊन आले, स्टुडिओवाल्याने हाताने रंगवलेला. तो मोठा करून पुढच्या खोलीत लावायचा होता.

"ती भिंतीवर लागली, तर मी इंदूरला भावाकडे जाते," आई म्हणाली. "मला डर वाटतो. मग परत बोलावू नका." ती उगाच बोलत नव्हती. पेटी भरून ठेवली होती.

मी फोटो स्कॅन केला. आईला बरं वाटावं म्हणून तिचाही केला आणि दोघींना पडद्यावर शेजारी ठेवलं. थोरलीच्या चौकटीवर क्लिक केलं, तर आईचा चेहरा हिरवा पडला, ओठ काळे. आईच्या चौकटीवर केलं, तर थोरली निळी झाली आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग उरले. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मागे आई चहा घेऊन उभी होती.

"बघितलंस? तिला मी चालत नाही."

मी हसून समजावलं, "अगं, भूतबित काही नाही. या व्हिडिओ कार्डाची मेमरी थोडी आहे. त्यात एका वेळी दोनशे छप्पन्नच रंग मावतात. रंगांच्या त्या डब्याला पॅलेट म्हणतात. जी चौकट पुढे, ती आपल्याला हवे ते रंग भरून घेते. मागचीने उरलेल्यांत भागवायचं."

आईने चहा टेबलावर ठेवला. "म्हणजे तेच की गं," ती म्हणाली. "मी तीस साल उरलेल्यांतच भागवतेय."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गोदौलिया चौकातल्या ओळखीच्या दुकानातून दुप्पट मेमरीचं कार्ड मागून आणलं. आता दोघींचे रंग जागच्या जागी राहिले. आईला हाक मारली.

"आता पुढे कोण?" तिने दारातूनच विचारलं.

"कुणीच नाही. यात प्रत्येक ठिपका आपला रंग आपणच सांभाळतो."

ती जवळ आली, वाकली आणि थोरलीच्या गालाकडे बोट नेलं. काचेला लागण्याआधीच तडतड झाली, तिच्या हातावरची लव उभी राहिली. पडद्याच्या काचेवर वीज साठते हे मला ठाऊक होतं, तरी तिला मागे ओढायला मी हात पुढे केला. आईने हात मागे घेतला नाही. अख्खा तळवा थोरलीच्या चेहऱ्यावर टेकवला.

"लाव हिला पुढच्या खोलीत," ती म्हणाली. "गरम आहे गं ही. मला इतकी सालं वाटायचं, गार असेल."