रानगव्याशी भांडण

प्रभाकरकाका मारामारी आधी करून बघत आणि मग कागदावर काढत. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्यांच्या चित्रकलेच्या क्लासात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा हा चांगला पन्नाशीचा माणूस गळ्यात चादर बांधून टेबलावर उभा होता आणि समोरच्या कपाटाला दम देत होता, "हाट मागं! मेळघाट माह्यं हाय!" मग त्यांनी धाडकन खाली उडी मारली. खालच्या कापडदुकानदाराने छताला काठी ठोकली. आई माझा हात धरून परत फिरणार, तोच काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"काय वं पोरी, उडता येते का?"

"नाही."

"मंग शिकू. चढ त्या स्टुलावर."

मी उड्या मारत राहिले, ते काढत राहिले. संध्याकाळी घरी परतले तेव्हा मी मैना झाले होते.

काकांच्या कॉमिकचा नायक होता रानगवा. परतवाड्याच्या पुढच्या जंगलातून आलेला, काळा, आडदांड, एका धडकेत झाड उपटणारा. त्याच्यासोबत दोन पोरं असत, अंगावर काटे फुलवणारा साळू आणि उडणारी मैना. साळू म्हणजे काकांचा मुलगा निखिल. त्याचा पडलेला दातसुद्धा चित्रात होता. अंक छापून आला की काका आम्हाला जीपमध्ये कोंबून परतवाड्याला नेत आणि स्टँडवर स्वतः ओरडत, "आला रे आला, रानगवा आला!" लोक आधी दचकून मागे बघत, मग आमच्याकडे. आमची छाती फुगायची. चित्र निर्जीव वाटलं की काका म्हणत, "कागद झोपून राह्यला ना बे, उठव त्याले!" आणि जमलं की स्तुती एवढीच, "हं. आता चावते हा."

आम्ही मोठे झालो. साळू आणि मैना मात्र होते तेवढेच राहिले. निखिलला खरोखरची मिशी आली, कॉलेज संपलं, तरी कॉमिकात तो रानगव्याच्या मागे हाफ चड्डीत धावत होता. एकदा त्याने एक गोष्ट काढली, त्यात साळू पुढे आणि रानगवा मागे. काकांनी ती पानं घेतली, खोडली आणि रानगव्याला पुढे आणून ठेवलं.

"बाबा, साळूले वाढू द्या ना आता."

"माह्या कॉमिकात कोणी वाढत नाही."

"मंग मी तुमच्या कॉमिकात राहत नाही."

तो अकोल्याला गेला. तिथे त्याने मोबाइलवरच्या कार्टूनचा स्टुडिओ काढला. बापलेकांचं बोलणं बंद झालं, रानगवाही बंद पडला. मलाही अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली. रविवारी अमरावतीला घरी आले की मी क्लासात डोकावून येई. काका निखिलचं नाव काढत नसत. फक्त विचारत, "तिकडं ऊन कसं हाय?"

अशाच एका रविवारी त्यांनी माझ्या हातात एक पान ठेवलं. बघते तर काय! अकोल्याच्या किल्ल्याच्या बुरुजावर रानगवा उभा, आणि समोर साळू. मोठा झालेला! मिशीवाला! रानगवा गरजत होता, "तुले काटे कोणं देल्ले बे?"

"हे त्याले दे," काका म्हणाले. "बोलू काही नोको."

"मोबाइलवर फोटो पाठवू?"

"फोटोत कागद हाताले लागत नाही."

निखिलने पान पाहिलं. आधी त्याचे कान लाल झाले, मग तो हसला, मग परत लाल झाला. समोरचं काम बाजूला सारून तो तिथल्या तिथे बसला. त्याच्या पानावर साळूने सगळे काटे उभारले होते आणि तो म्हणत होता, "काटे माह्येच होते. तुमी फक्त 'उभे कर' म्हणलं!"

मग काय विचारता! दर रविवारी एक पान इकडून, सोमवारी एक पान तिकडून. रानगव्याने साळूवर टेकडी भिरकावली, साळूने ती काट्यांनी चाळणी करून टाकली. क्लासातल्या पोरांमध्ये दोन तट पडले. मी जिना चढायच्या आत वरून ओरडा व्हायचा, "ताई, काय केलं त्यानं?" माझ्या शाळेतले मास्तरही सोमवारी आडून आडून विचारू लागले. एकदा काकांनी दोघांचे निरोप वाहून दमलेली, जीभ बाहेर काढलेली मैना काढली. मला असा राग आला की बसमध्येच कागद मांडीवर घेतला आणि मैनाने त्या दोघांना मानगुटीला धरून पूर्णा नदीत फेकलेलं काढलं. काका ते बघून खोकला येईस्तोवर हसले. "ही बी चावते आता!"

नंतर काकांनी जे पान दिलं त्यात रानगवा चिखलदऱ्याच्या कड्यावरून लोंबकळत होता. वर साळू उभा. ते पान निखिलच्या हातात पडलं त्याच आठवड्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

निखिल पहिल्या गाडीने आला. काका दवाखान्यातून घरी परतल्यावरही दोन दिवस बापलेक औषधापाण्यापुरतंच बोलले. शेवटी माझ्यासमोरच निखिलने खुर्ची पलंगाशी ओढली आणि पान काढून दाखवलं. साळू रानगव्याला हात देऊन वर ओढत होता. काकांनी डाव्या हाताने पान जवळ ओढलं. शब्द अडखळत होते, पण मत तेच होतं.

"खोटं हाय. वजन... दिसत नाही."

"मंग दाखवा वजन," निखिल म्हणाला. त्याने पेन्सिल माझ्याकडे फेकली आणि बापाच्या काखेत हात घातले. "हं, उठा!"

मी घाबरले. काका थरथरले, शिव्या दिल्या, पण पाय टेकवून उठले. सगळा भार निखिलवर. निखिलच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि काका त्याच्या खांद्यावरून मला ओरडत होते, "पाहून काय राहिली वं? काढ! काढ लवकर!"

मी काढलं. या भांडणाच्या सगळ्या पानांचा अंक छापायला दिला तेव्हा काकांनी मुखपृष्ठावर डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत वर निखिलचं नाव लिहिलं, मग माझं, आणि खाली स्वतःचं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. जाण्याआधी आम्हा दोघांना म्हणाले होते, "रानगव्याले मारजा खुशाल. पण घाईत मारू नोका."

आम्ही घाई केली नाही. बरेच महिने भांडलो, पानं फाडली, आणि मग शेवटचा अंक काढला. त्यात रानगवा म्हातारा होऊन सागाच्या झाडाखाली शांतपणे डोळे मिटतो. क्लास आता रविवारी आम्ही दोघं घेत होतो; तिथल्या पोरांनी तो एकमेकांच्या खांद्यांवरून वाचला. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी, पूर्वा, ताडकन उठली.

"हे बरोबर नाही केलं तुमी. असा चुपचाप कायले मरन तो? त्यानं पह्यले साऱ्या जंगलाले हाका मारल्या असत्या!"

तिने आमच्यासमोरचा कोरा कागद ओढला आणि काढायला बसली. निखिलने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग आम्ही दोघं टेबलावरून उठलो आणि तिला पुरती जागा करून दिली.