तिसऱ्या खेपेची चिठ्ठी

"माय, टँकर येतोय की. यादीत हाय," बिरू फोनवर म्हणाला.

"यादीत असंल. वाडीत नाय."

"मी सोता टाकलंय. रोजची तिसरी खेप. तुमचंच ध्यान नसंल. येतो न् जातो तो."

पलीकडं त्याच्या आईनं, आक्काबाईंनी, फोन ठेवला. नंतर कळलं, फोन स्पीकरवर होता. अख्खी वाडी भोवती उभी होती.

बिरूची वाडी पैठणच्या रस्त्याला. तीस उंबरे, सगळे मेंढपाळ. दरवर्षी दिवाळीनंतर वाडी मेंढरं घेऊन निघायची ती पावसाला परतायची. त्या दुष्काळात निघालीच नाही. पुढं कुठंच चारा नव्हता. माणसं जागेवर बसून राहिली आणि बिरूच्या टँकरची वाट बघू लागली.

बिरूचा टँकर म्हणजे आप्पासाहेबांचा. वाळूजला त्यांचं पाणीपुरवठ्याचं ऑफिस होतं. वाडीतून कॉम्प्युटर शिकलेला बिरू पहिलाच. चिठ्ठ्या छापायचा प्रोग्रॅम त्यानं स्वतः लिहिला होता. कोणता टँकर, कितवी खेप, कोणतं गाव. सकाळी चाळीस चिठ्ठ्या निघायच्या. ऑफिसातल्या रत्नमालाताई गठ्ठा समोर ठेवायच्या. बिरू अंगठ्यानं खालचे कोपरे उचलत सह्या करत जायचा. वरचा मजकूर त्यानं कधी वाचला नाही. त्याचाच प्रोग्रॅम, त्यात काय वाचायचं?

ऑफिसात त्यानं एकच फोल्डर केला होता, 'सामान' नावाचा. याद्या त्यात, फोटो त्यात, ड्रायव्हर लोकांची गाणीही त्यातच. रत्नमालाताई चिडवायच्या, "बिरूभाऊ, फोल्डर आहे का बिऱ्हाड तुमचं?" तो हसायचा. त्याच्या लहानपणी सगळा संसार एका घोड्याच्या पाठीवर असायचा. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, आजारी कोकरू. सगळं एकत्र बांधलं की काही मागं राहत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्या फोल्डरला पासवर्ड नव्हता. येईल त्यानं ठेवावं, लागेल त्यानं घ्यावं.

फोन झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी वाडीतल्या भागूआजीला घाटी दवाखान्यात आणलं. टँकर येईना म्हणून वाडी खदानीतलं पाणी पीत होती. सात कोकरं आधीच गेली होती. बिरू दवाखान्यात पोचला तेव्हा आजीला सलाईन लावलेलं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

तो तिथून थेट ऑफिसात आला. कडुबा ड्रायव्हर टँकरखाली सावलीला पडला होता.

"कडुबामामा, तिसरी खेप कुठं टाकता?"

"चिठ्ठीत असतं तिथं. बायपासच्या बांधकाम साइटवर."

"आन् वाडी?"

"वाडी उठली ना?" कडुबा उठून बसला. "चिठ्ठीत नाव बदललं, मला वाटलं निघाले मेंढरं घेऊन. मेंढपाळ मानसं तुम्ही. आज इथं, उद्या तिथं."

बिरूनं त्याच्या खिशातली चिठ्ठी घेतली. साइटचं नाव होतं. खाली सही होती. बिरूचीच.

त्यानं यादी उघडली. स्क्रीनवर वाडी. छापली. कागदावर साइट.

त्याला वाटलं आपलं डोकं फिरलं. तीच यादी त्यानं डेस्कटॉपवर आणली आणि तिथून उघडून छापली. कागदावर वाडी. पुन्हा 'सामान'मधून उघडली. साइट. यादी एकच, अक्षर न् अक्षर तेच. नुसती जागा बदलली की गाव बदलत होतं. रत्नमालाताई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले आणि खुर्चीत बसल्या.

बिरूनं 'सामान'मधल्या फायली तारखेनं लावल्या. चारशे गाण्यांच्या मध्ये एक फाइल होती. नाव बिरूनं आपल्या एका फाइलला दिलेलं, तेच. पण ती त्याची नव्हती. त्याची फाइल प्रोग्रॅमच्या घरात, तो जिथं बसवला होता तिथं होती, दोन वर्षांपूर्वीची. ही अकरा दिवसांची होती.

मग त्याला सगळं दिसलं. छापायला प्रोग्रॅमला एक मदतनीस फाइल लागायची. लिहिताना बिरूनं तिचं फक्त नाव दिलं होतं, पत्ता दिला नव्हता. त्यामुळं यादी जिथून उघडायची, तिथं प्रोग्रॅम ती आधी शोधायचा. नाही मिळाली तर आपल्या घरात. दोन वर्षं ती 'सामान'मध्ये नव्हती, म्हणून तो घरातली घेत होता. अकरा दिवसांपूर्वी कोणीतरी त्याच नावाची दुसरी ठेवली. प्रोग्रॅमनं ती घेतली. कोण, कुठली, विचारलं नाही. ती फाइल बाकी सगळं इमानानं छापायची. फक्त वाडीचं नाव आलं की साइटचं लिहायची.

"अकरा दिवसांपूर्वी कोण आलं होतं, ताई?"

रत्नमालाताईंना आठवायला वेळ लागला नाही. "सत्यम. प्रिंटर बघायला."

सत्यमचं शहागंजात दुरुस्तीचं दुकान. हा प्रोग्रॅम लिहिताना तो शेजारी बसलेला. बिरूच्या खोलीवर जेवलेला. आक्काबाईंच्या हातची भाकरी मागून मागून नेणारा.

बिरूनं दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या काउंटरवर ठेवल्या. सत्यमनं त्या बघितल्या. नाकारलं नाही.

"साइटवर पाण्यावाचून स्लॅब अडला होता यार. माझ्या मेहुण्याचं काम आहे. एकच तर खेप."

"वाडीची."

"तुझी वाडी तर फिरती ना भाई. कोणाला फरक पडणार होता? आणि मी काय तोडलं? तुझ्या फोल्डरला कुलूप होतं का? नाव दिलं, तुझ्या प्रोग्रॅमनं घेतलं. विचारलं पण नाही, कुठून आलीस म्हणून."

बिरूला त्याला मारावंसं वाटलं नाही, शिवीही आली नाही. समोर दोन वर्षांपासूनचा मित्र बसला होता आणि तो खोटं एक अक्षर बोलत नव्हता.

आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं. "खेप चालू कर. बाहेर बोलू नको, ऑफिसची अब्रू जाईल. कुणी विचारलं तर सांग, मशीन बिघडलं."

बिरूनं ती फाइल काढली. प्रोग्रॅममध्ये मदतनीस फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला. पाच मिनिटांचं काम. दोन वर्षांत त्याला ते सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो टँकरबरोबर वाडीत उतरला. हंडे पुढं आले नाहीत. चुलता पुंजाराम देवळापुढं बसला होता. पुढ्यात देवाच्या भंडाऱ्याचं, हळदीचं ताट. वाडीत मेंढरू चोरल्याचा आळ आला तरी त्यावर शपथ घेऊनच निवाडा व्हायचा. खोटं बोलून भंडारा उचलायची छाती कुणाची नव्हती.

"उचल," पुंजाराम म्हणाला. "म्हन, मी वाडीचं पानी इकलं नाय."

ते खरं होतं. उचलला असता तर तो तिथंच सुटला असता. बिरूनं हात मागं घेतला.

"इकलं नाय मी, काका. पन चिठ्ठीवर सही माझी हाय. अकरा दिवस मी न वाचता सह्या केल्या. दुसऱ्यानं येऊन गाव बदलावं, असं दार मीच उघडं ठेवलं. आन् माय सांगत व्हती तवा तिलाच खोटं पाडलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. मशीन बिघडलं, असं म्हणाला नाही. सत्यमचं नाव ऐकून आक्काबाई पुढं आल्या. "माझ्या हातचं खाल्लंय त्यानं," एवढंच म्हणाल्या.

पुंजारामनं ताटावर फडकं टाकलं. "आपूनच कबूल झाला. याला आता कसली शपथ घालायची?" मग बिरूकडं वळला. "पन सही तुझी. उद्यापून टँकरवर तू बसायचं. पाऊस पडंपर्यंत. टाकीचं झाकन वाडीत उघडलेलं आमी बघनार."

त्यानंतर हंडे पुढं आले. त्याच्याशी कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खेपेला बिरू कडुबाशेजारी चढला. चिठ्ठी त्यानं वरपासून वाचली. वाडीचंच नाव होतं. पैठणचा फाटा आला. कडुबानं बिडी ओढत, अकरा दिवसांच्या सवयीनं, गाडी बायपासकडं घातली.

बिरूनं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"मामा, माघारी घ्या."