लांचेरोसच्या न धुतलेल्या जर्स्या

देल्मिराच्या अंगणात एक खळगा होता. उरुग्वे नदीला पूर येऊन गेला की लांचेरोस फुटबॉल क्लबच्या मैदानावरची माती वाहून जायची, आणि मग वस्तीतलं प्रत्येक घर आपल्या अंगणातली माती गाड्यावर घालून तिथे नेऊन टाकायचं. पद्धतच होती ती. क्लब काढला होता संत्र्यांच्या होड्या रिकाम्या करणाऱ्या नावाड्यांनी. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, माती होती. पुढे लांचेरोसची पोरं प्रांताच्या स्पर्धेत खेळू लागली, सामन्यामागे चार पैसे हातात पडू लागले, तरी दिवसा ती साखर कारखान्यात आणि बागांतच राबत. देल्मिराच्या अंगणातला खळगा मात्र दर पुरानंतर आणखी खोल झाला.

तिचा नवरा उबाल्दो त्या संघाचा गोलरक्षक. संघाच्या हिरव्या-पांढऱ्या जर्स्या देल्मिरा धुवायची, लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून. उबाल्दो गेल्यावरही तिने ते काम सोडलं नाही. साबण क्लबचा, हात तिचे. कोपराला, गुडघ्याला लागलेला चिखल कितीही चिवट असो, तिच्या हातून डाग राहिला असं कुणी पाहिलं नाही.

उबाल्दोची राख नदीकडच्या गोलामागे पुरली होती. खड्डा सेकुंदिनोने खणला. खेळायच्या दिवसांत तो उबाल्दोच्या पुढे उभा राहून चेंडू अडवायचा, आणि देल्मिराच्या मुलाचा तो बाप्तिस्म्यातला धर्मपिता. मुलाचे आईबाप आणि धर्मपिता तिकडे एकमेकांना कोम्पाद्रे, कोमाद्रे म्हणतात, आणि ते नातं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड समजतात. फावडं बाजूला ठेवून सेकुंदिनो म्हणाला होता, "इथून तुला कुणी हलवणार नाही, गड्या. आणि कोमाद्रे, ही शेजारची जागा तुझी."

देल्मिराला पुढे आयुष्याकडून एवढंच हवं होतं. ती शेजारची जागा.

सेकुंदिनो अध्यक्ष झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी वस्तीत कुजबुज सुरू झाली. रेल्वेवाल्यांच्या क्लबात लांचेरोस विलीन होणार, मैदान विकणार, तिथे गरम झऱ्यांचं हॉटेल उभं राहणार. देल्मिराने त्याला सरळच विचारलं.

"लोकांच्या तोंडाला काय कुलूप घालू, कोमाद्रे? सभासदांनी हात वर केल्याशिवाय एक वीट हलत नाही. तुझा हात आहे ना?"

"आहे की."

"मग झोप निवांत."

त्याच वर्षीच्या सभेत त्याने तिला पुढे बोलावलं. तिला आणि वस्तीतल्या इतर सगळ्या जुन्या म्हाताऱ्यांना. ज्यांनी क्लबसाठी हाडं झिजवली त्यांना आजन्म मानद सभासद करायचं, वर्गणी माफ, भिंतीवर पितळी पाटी. असल्या गोड गोष्टींना त्या क्लबात हात मोजत नसत. टाळ्या पडल्या की मंजूर.

शेजारी बसलेली नीबिया सामन्यांना पुऱ्या तळून विकायची. ती तिच्या कानाशी लागली. "हा तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर का चढवतोय गं?"

"तुला नाही मिळाली पाटी म्हणून जळतेस."

"मी म्हातारी नाही म्हणून नाही मिळाली," नीबिया म्हणाली.

टाळ्या पडल्या. संकोचाने काय करावं ते न सुचून देल्मिरानेही टाळ्या वाजवल्या.

थंडीत पुन्हा सभा भरली. विषय एकच, विलीनीकरण. तरुण सभासदांना वरच्या गटात खेळायचं होतं, रेल्वेवाले पक्का पगार देणार होते. त्यांनी हात वर केले. मग विरोधाची पाळी आली. देल्मिराने हात वर केला, तिच्या मागे बसलेल्या म्हाताऱ्या नावाड्यांनीही केले. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी कळत होतं, पारडं विरोधाकडे झुकलं होतं.

सेकुंदिनोने चष्मा पुसला. "मानद सभासदांनी हात खाली घ्यावेत. मानदांना मत नसतं. पहिल्यापासूनचा नियम आहे."

"आम्हाला कुणी सांगितलं?" मागून एक म्हातारा ओरडला.

"वर्गणी माफ झाली तेव्हा कुणी विचारलं नाही."

देल्मिराचा हात तसाच वर राहिला. तो खाली घ्यायला नीबियाने तिचं कोपर धरलं. केसाने गळा कापतात म्हणतात. तिचा तर टाळ्यांनी कापला होता, आणि त्यातली एक जोडी तिच्या स्वतःच्या हातांची.

शेवटचा सामना पावसात झाला. लांचेरोस हरले. नदीकडच्या गोलासमोर सारा वेळ नुसती झोंबाझोंबी, पोरं डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. नेहमीप्रमाणे जर्स्यांचं गाठोडं देल्मिराच्या दारात येऊन पडलं.

आठवडा उलटल्यावर सेकुंदिनो आला. नव्या क्लबाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात त्या जर्स्या लावायच्या होत्या. दारातून त्याला अंगणातली दोरी दिसली. तिच्यावर जर्स्या वाळत होत्या, चिखल सुकून कडक झालेल्या.

"धुतल्या नाहीस, कोमाद्रे?"

"नाही."

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे." ती उंबऱ्यात उभी होती, बाजूला झाली नाही. "हॉटेलवाले कधी खणणार, अध्यक्ष?"

कोम्पाद्रेच्या जागी आलेल्या त्या शब्दाने तो किंचित मागे सरकला. "पुढच्या महिन्यात. उबाल्दोचं मी बोललोय त्यांच्याशी. एखादी पाटी लावतील."

"पाट्या तुम्हाला छान लावता येतात."

"क्लब बुडत होता, देल्मिरा. मी वाचवला."

"गोलामागचा खड्डा तुम्हीच खणला होता. आठवतो?"

त्याने दोरीकडे बोट दाखवलं. "जर्स्या क्लबच्या आहेत."

"जर्स्या न्या. माती झटकून देते."

ती अंगणात गेली. एकेक जर्सी खळग्यावर धरून तिने झटकली, कोपरं चोळली, कॉलरच्या शिवणीत अडकलेलं नखाने खरवडून काढलं. वर्षानुवर्षं तिथून गेलेली माती मूठ-मूठ करून परत खळग्यात पडत होती. सेकुंदिनो टोपी हातात घेऊन दाराशी थांबला. तिने त्याला आत बोलावलं नाही, खुर्ची दिली नाही.

शेवटची जर्सी झटकून झाल्यावर तिने गाठोडं बांधून त्याच्या हातात दिलं. डाग तसेच होते.

"या अशाच कपाटात कशा लावू?"

"धुऊन घ्या कुणाकडून तरी," देल्मिरा म्हणाली आणि दार लोटून घेतलं. मग नीबियाला हाक मारून तिने खळग्यात पडलेल्या त्या मातीशेजारची जागा दाखवली, म्हणाली, "मी गेले की मला इथे ठेव."