हौसाच्या शेवटच्या घराला दार नाही

आपण गाव सोडलं त्या सकाळी निवरती पहार घेऊन माझ्या डोळ्यांदेखत आमच्या बाच्या दाराची चौकट उचकटत होता. निवरती म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाराशी ट्रक उभा होता. त्यात जातं, पिंप, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि हौसा, माझी बायको, असं सगळं एकत्र बसलं होतं. धरणाचं पाणी खालच्या आळीत शिरलं होतं. त्या दिवसांत गावात कुणी घर झाडत नव्हतं, जो तो घर उचकटत होता. तुळया, पत्रे, दारं, खुंट्यासुद्धा. नव्या गावठाणात लावायला म्हणून गाड्या भरभरून चालल्या होत्या. मी गावठाणात जाणार नव्हतो. तिथं माझ्या वाट्याला आलेला तुकडा मला पटला नव्हता, मी सोलापूर धरलं होतं.

मी म्हणालो, "निवरती, ती बाची चौकट हाय. निम्मी माझी हाय."

पहार न थांबवता तो म्हणाला, "तू चाललास शेरात. भाड्याच्या खोलीला सागवानी चौकट लावणार व्हय रं दादा? का निम्मी चिरून देऊ?"

बाकीचे हसले. तुमच्यातलेच हसले. कोण कोण ते मला माहीत आहे.

हे मी लिहितोय कारण तुम्ही लोक बोलता. गावठाणातले बोलतात, भिवंडीला आणि पुण्याला गेलेले तिथं बसून बोलतात, की म्हातारा शालनचं घर अडवून बसलाय. शालन ही निवरतीची पोरगी, तिचं लग्न तोंडावर आलंय. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो, बोटं दुखतात. पण एकदा सगळं सांगून टाकतो, मग खुशाल बोला.

बा गेल्यावर आमच्या वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली. भांडण उरलं ते मोठ्या दाराचं, कारण ते बरोबर दोन्ही वाटण्यांच्या मधे येत होतं. त्याची चौकट बुटकी. बा ओसरीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला ओरडायचा, "डोकं! डोकं!" पाटील आला तरी तसंच, जावई आला तरी तसंच. ते दार कुणाचं यावरून आम्ही एवढं भांडलो की शेवटी निवरतीनं गवंडी आणला आणि चौकटीच्या आत विटा रचून ते तोंडच बुजवून टाकलं. त्यानं उगवतीला एक बारकं दार पाडलं, मी मावळतीला पाडलं. शालन तेव्हा लहान होती. आम्हाला मूलबाळ नाही. ती सकाळी बापाच्या दारातनं बाहेर पडायची ती आमच्या दारातनं आत यायची आणि हौसाच्या ताटात जेवायची. आम्हा भावांचं बोलणं बंद होतं, पण भिंतीतनं सगळं ऐकू जायचं. मी इकडं शिवी दिली की तो तिकडं मोठ्यानं खोकायचा.

सोलापुरात आम्हाला विणकरांच्या पेठेत खोली मिळाली. मी चादरीच्या कारखान्यात गाठोडी बांधायला लागलो. गावाकडं पहाटे कोंबडा उठवायचा, इथं भोंगा उठवतो. गावाकडं माणूस हाक मारून घरात यायचा, इथं मागांच्या खडखडाटात हाक ऐकूच जात नाही. भाकरी तेवढी तीच, ज्वारीची. बाकी ओळखीचं काही नाही. शेजार तेलुगू माणसांचा. नरसम्मा नावाची बाई मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात दिवसभर बिड्या वळायची. हौसा पहिले कित्येक दिवस भिंतीकडं तोंड करून बसायची. मी ओरडलो की म्हणायची, "अवो, अंगणच न्हाय तर झाडू काय?"

नरसम्मानं एकदा तिला चूल पेटवायला म्हणून बिडीच्या बंडलांवरची फाटकी लेबलं दिली. हौसानं चूल पेटवली नाही. लेबलं पुढ्यात घेऊन बसली. मी कामावरनं आलो तर पाटावर काडेपेटीएवढं घर उभं होतं. आपल्या समोरच्या कोंडाबाईचं. आमच्या दारातनं रोज तेच दिसायचं, म्हणून पहिलं तेच केलं.

तुम्ही घरं नेलीत, पण ती कशी व्हायची हे तुमच्यातल्या एकानंही कधी बसून बघितलं नाही. तळाला जुन्या कॅलेंडरचा जाड कागद. त्यावर वाण्याच्या पुडीच्या कागदाची भिंत, सुताला लावतात त्या खळीनं चिकटवलेली. तुटक्या स्लीपरचं रबर ब्लेडनं कोरून तिनं बारके ठसे केले होते. एक दगडाच्या रांगेचा, एक कौलांचा, एक खिडकीच्या गजांचा. रंग म्हणजे गेरू, हळद, कपड्याची नीळ, दिव्याची काजळी आणि सूत रंगवतात तिथनं मी वाटीत मागून आणलेला लाल. ठसा रंगात टेकवायचा, आधी डाव्या तळहातावर उठवून जादा रंग घालवायचा, मग कागदावर. तिच्या तळहातावर सदा कुणाची तरी भिंत असायची. लेबलाची सोनेरी कड कापली की छपराचा पत्रा. काडीच्या टोकानं हळदीचे ठिपके दिले की दाराशेजारी पंजा.

आणि दार म्हणजे पोस्टाचं तिकीट. तिकिटाच्या कडेचे दाते तिला चौकटीच्या नक्षीसारखे दिसले. वरून पातळ गेरू फिरवायची, आतलं चित्र थोडं दिसत राहायचं. कोंडाबाईनं मागाहून आणून दिलेल्या तिकिटातलं विमान तिच्या दारात दिसतं ते त्यामुळं. पण कोरं तिकीट तिला चालायचं नाही. ज्याचं घर त्याच्याच नावानं आलेल्या पाकिटावरचं पाहिजे, वर काळा शिक्का पडलेलं. म्हणायची, "ज्या दारातनं कुणी आलंच न्हाय, त्याला दार कसं म्हणू?"

मग तुम्ही यायला लागलात. पोरीचं लग्न ठरलं की आई एस.टी.नं सोलापूर गाठायची, पदराच्या गाठीत पाकिटावरचं तिकीट बांधून. पोरीला सोबत माहेर द्यायला पाहिजे, आणि माहेर पाण्याखाली. गावठाणातल्या सिमेंटच्या खोलीला ती माहेर म्हणायला तयार नाही. हौसानं एकीलाही नाही म्हटलं नाही. पोरी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ती घरं ठेवून सासरी गेल्या.

पण काय तुमच्या मागण्या! "माडी दाखव." तुमच्या घराला कधी माडी होती? "गोठ्यात म्हशी दाखव." एक शेळी होती, तीही लंगडी. "पडकी भिंत नको दाखवू, सासरची माणसं बघतील." हौसा हसत हसत करून द्यायची. चिडायचो मी. मला म्हणायची, "बुडालंय की आता. बुडालेल्या घराला माडी चढवली तर तुमचं काय जातंय?"

माझं जात होतं. मी त्या गावात जन्मलो. मला ते जसं होतं तसं पाहिजे होतं, गळणाऱ्या छपरासकट.

मागल्या थंडीत हौसा गेली. ताप आला, छातीत उतरला आणि संपलं. माझ्या आधी जायचं तिला काही कारण नव्हतं. मला साधी आमटी करता येत नाही हे तिला माहीत होतं, तरी गेली. लोक म्हणतात, सवाष्ण गेली, नशीबवान. ज्यांना हे नशीब वाटतं त्यांनी एक दिवस त्या खोलीत येऊन बसावं. दहाव्याला तुम्ही आलात. अजून कावळा शिवायचा होता, तेवढ्यात एक बाई माझ्या कानाशी येऊन विचारते, "आप्पा, आमचं घर करून ठिवलं हुतं का वो?" तिचं नाव लिहीत नाही. तिला कळेल.

नव्हतं केलं. हौसाच्या डब्यात एकच घर निघालं, आमचं. शालनसाठी केलेलं. दगडाच्या रांगा उठवलेल्या, पत्रा बसवलेला, पायऱ्या झालेल्या. दार नव्हतं. मधे नव्हतं, उगवतीला नव्हतं, मावळतीला नव्हतं. अख्ख्या गावाला दारं लावली आणि स्वतःच्या घरापाशी येऊन थांबली. मी त्या डब्यावर ओरडलो. अगं, जाताना सांगून तरी जायचं, कुठलं दार!

शेवटी मीच बसलो. माझे हात गाठोड्याला सुतळी आवळायचे. विटांचा ठसा तिच्याकडं नव्हता, तो मी स्लीपर कोरून केला, त्यात अंगठा कापून घेतला. मधलं तोंड विटांनी बुजवलं. विटा वाकड्या आल्या. येऊ देत, निवरतीच्या गवंड्यानंही वाकड्याच रचल्या होत्या. मग मावळतीला हौसाचं दार लावलं. भिवंडीहून तिच्या नावानं आलेल्या पाकिटावरचं तिकीट होतं ते. उगवतीची भिंत कोरी ठेवली. मुद्दाम ठेवली.

हे निवरतीला कळलं. कळणारच, तुम्ही आहात ना सांगायला. एका दुपारी दारात उभा. पाणी प्यायला, चहा नको म्हणाला, पाटावर टेकला.

"दादा, पोरगी माझी हाय. ती माझ्या दारातनं निगंल. उगवतीचं दार लाव आन ते मावळतीचं काढ."

"हौसाचं दार काढू?"

"वयनीला मधी आणू नगो."

त्यानं खिशातनं तिकीट काढलं. चांगलं मोठं, चकचकीत, पोस्टातनं विकत घेतलेलं. नरसम्मा उंबऱ्यातनं बघत होती. सूप बाजूला ठेवून आली, तिकीट घेतलं आणि उलटं केलं. मागचा डिंकसुद्धा जसाच्या तसा.

"हे तर कोरा आहे की ओ भाऊ," ती म्हणाली. "ह्या दारातनं कोन आला, कोन गेला? अक्का असता तर हात लावला नसता." हौसाला ती अक्का म्हणायची, आणि मराठी बोलताना बायकांना पुरुष करायची.

"मग शिक्क्याचं कुटनं आणू बाई?"

"तुमाला पत्र आला नाही का? एक बी?"

निवरती ताडकन उठला. "मला कोन पत्र लिवनार? ज्यानं लिवायचं त्यो हा काय हितं बसलाय! ट्रकात चढला तवापासनं एक कार्ड न्हाय. वयनी गेल्याली मला एस.टी.च्या कंडक्टरकडनं कळली. सख्ख्या दिरानं दहाव्याला पावण्यावानी येऊन जायचं, व्हय?"

"तू लिवलंस व्हय मला?"

"मी चौकट लावलीया घराला. बाचीच. रोज डोकं आपटतंय माझं तिच्यावर. आन ओरडायला कोन न्हाय."

एवढं बोलून चपला घातल्या आणि गेला. तिकीट पाटावरच टाकून गेला. मला असा राग आला की दुसऱ्या दिवशी मी गाठोड्याची सुतळी दोनदा तोडली आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. चौकट नेणारा हा, दार बुजवणारा हा, आणि रडणाराही हाच. मग मी काय करायचं?

त्यानंतर शालन आली, लग्नाच्या बांगड्या घ्यायला म्हणून. तिचं सासर माळशिरसकडचं, उसाची माणसं आहेत. हौसाच्या डब्यापाशी बसली. घर तळहातावर घेतलं. मला वाटलं वाकड्या विटांना हसेल. हसली नाही.

"आप्पा, उगवतीचं दार कुटं हाय?"

"तुझ्या बापाला इचार."

"बाला कशाला इचारू? मी रोज त्या दारातनं भाईर पडले आन मोठ्या आईच्या दारातनं आत आले. एकच दार लावलं तर मी आले कुटनं? दोन्ही लावा. न्हायतर मला नगो हे घर, हितंच ऱ्हाऊ द्या."

मग विटांवर बोट ठेवून म्हणाली, "हे बी असंच ऱ्हाऊ द्या. मला काय माडी नगो."

हौसाच्या ताटात जेवलेली पोर आहे, तिच्यासारखंच गप आवाजात बोलते आणि पुढं बोलायला जागा ठेवत नाही. घर परत डब्यात ठेवून ती गेली. तेव्हापासून ते तिथं आहे. मी अडवलेलं नाही. त्याला उगवतीचं दार पाहिजे आणि दाराला निवरतीच्या नावानं आलेलं तिकीट पाहिजे, आणि ते माझ्याकडं नाही, त्याच्याकडंही नाही.

तुम्ही सगळे आता गाव गाव करता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस बघायला जाता, डोळे पुसता, परत येता. मी एकदाही गेलो नाही. चिखल बघायला कशाला जाऊ? गावठाण माझं घर नाही, सोलापूरही नाही. इथं मी भाडेकरू आहे आणि भाडेकरू म्हणूनच मरेन. घर म्हणजे आपण ओरडलो की उलट ओरडणारं माणूस जिथं असतं ते. हौसा होती तोवर या खोलीतही घर होतं. आता मी कितीही ओरडलो तरी शेजारचे माग चालूच राहतात.

बाकीच्यांनी तिकिटं घेऊन येऊ नका. मी घरं करत नाही. हे एक पुरं करायचंय, तेवढंच करणार.

निवरती, हे सगळे कागद मी तुझ्या नावानं पाकिटात घालून टाकतोय. आधी तू वाच, मग गावठाणातल्या पाराशी सगळ्यांना वाचून दाखव, एकही शब्द न गाळता. मी काही विसरलेलो नाही. चौकटीचं तर मुळीच नाही, त्यावर आपलं अजून व्हायचंय. पण पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नको, दाते तुटतात. वाटीत पाणी घे, कागद भिजू दे, ते आपोआप सुटतं. सावलीत वाळव. आणि लग्नाच्या आत तू स्वतः घेऊन ये. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलंस तर मी ते लावणार नाही.