हरभऱ्याच्या मुळांवरचे गुलाबी मणी

मंडळी, आज सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही.

मी आणि सासूबाई पारनेरजवळच्या आमच्या रानात भाजीसाठी हरभऱ्याचे शेंडे खुडायला गेलो होतो. धुकं होतं. सहज एक रोप उपटलं, तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी! एक नखानं फोडली, आत गुलाबी. हवेतला नत्र धरून झाडाला भरवणारे जिवाणू त्यात राहतात. मी नुसती बघत राहिले.

बांधापलीकडच्या आमच्याच तुकड्यात मात्र रोपं फिकट, मुळं बोडकी.

पेरणीआधी पाकिटातून आणलेले ते जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवून मीच बियांना चोळले होते. अर्धं बी मी सावलीत वाळवलं. उरलेलं सासूबाईंनी सवयीनं कडक उन्हात घातलं, आणि त्यावरचे जिवाणू मेले. बांधापलीकडं पेरलं ते हेच बी. चूक त्यांची नाही. मीच त्यांना म्हणाले होते, "औषध लावलंय."

आज खरं सांगितलं. त्यांनी बोडक्या रोपाची मुळं बोटांनी चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "जित्तं हुतं व्हय गं ते? आधी बोलली असतीस, तर पदराखाली वाळवलं असतं."

तुम्ही घरात या जिवाणूंना काय म्हणता? मी आता औषध म्हणणार नाही.