चाबी काढल्यावर

आयुष्यात मी जेवढे घोडे पाळले ते सगळे कागदावर. स्वतःचं वाहन म्हणाल तर एक सायकल होती आणि तिचीही चेन उतरायची. पण सीताबर्डीच्या फुटपाथवर रद्दीत अमेरिकन मोटारींची जुनी मासिकं मिळायची, ती मी आणायचो, आणि कुठल्या गाडीच्या इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पंचविशीतला, बिननोकरीचा, आणि मत द्यायला कायम तयार. कुणी विचारलं नाही तर जास्तच तयार.

नरखेड तालुक्यात माझ्या एका मित्राची संत्र्याची बाग होती. तिथल्या गोठ्यात म्हशींच्या शेजारी अशीच एक अमेरिकन गाडी उभी असायची. दोन दारांची, लांब नाकाची, मोरपंखी रंगाची, स्टिअरिंग डाव्या हाताला, गिअर आपोआप बदलणारी. मॅंगनीजच्या खाणीवरचा एक परदेशी साहेब मायदेशी जाताना ती मित्राच्या वडिलांना विकून गेला होता. वडील आदल्या वर्षी वारले. गाडी राहिली.

"आई दुपारी गाडीत जाऊन बसते बे," मित्र एकदा म्हणाला. "बोलते."

"कोणाशी?"

"तुले काय वाटते?"

मला वाटलं, ही गोष्ट आपण जाऊन मिटवू. मिटवामिटवी करायचाही मला छंद होता.

मे महिना होता. त्या बागेतली भर दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पाखरू बोलत नाही, विहिरीवरचा पंप बंद, झाडांच्या सावल्या झाडांच्याच पायाशी गोळा झालेल्या. गोठ्यातून काकूंचा, म्हणजे मित्राच्या आईचा, आवाज येत होता. पंपाचा पट्टा सैल झालाय, गाभण म्हैस खात नाही, असलं साधंच बोलणं. पण प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत होत्या. उत्तराला जेवढा वेळ लागेल तेवढंच थांबायच्या, मग पुढचं बोलायच्या. एकदा अशाच थांबल्या आणि खुदकन हसल्या. तो विनोद आम्हाला ऐकू आला नव्हता.

मी खाकरलो आणि आत गेलो. काकू उजवीकडच्या सीटवर बसल्या होत्या. मला बसायला सांगतील म्हणून वाट कोण पाहणार! मासिकात चित्र पाहिलेलं स्टिअरिंग प्रत्यक्ष समोर होतं. मी डावीकडचं दार उघडलं आणि धप्पकन त्यामागे बसलो.

"अगा, अगा! पाहून बस ना!" काकू ओरडल्या. "मांडीवर बसला त्यायच्या!"

मी असा उडालो की टाळकं छताला आपटलं. बाहेर येऊन उभा राहिलो तेव्हा माझ्या मांड्यांखाली गार लागलं होतं असं मला वाटत होतं. चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, तापलेल्या रेग्झिनवर. काकूंनी मात्र पदर सारखा केला आणि शेजारी पाहून म्हणाल्या, "जाऊ द्या. लेकरू आहे."

मित्राला ही गाडी तिथून हलवायची होती. पैशासाठी नव्हे. गाडी गेली की आई गोठ्यातून घरात येईल, माणसांशी बोलेल, एवढंच त्याचं म्हणणं. गिऱ्हाईकही होतं. नागपुरातले एक डॉक्टर अमेरिकेतून कायमचे परतले होते आणि येताना स्वतःची वापरातली गाडी घेऊन आले होते. त्याच कंपनीची, त्याच जातीची, पण अगदी अलीकडची. त्यांना जोडी जमवायची होती.

काकूंना विचारलं तेव्हा त्या मित्राकडे पाहिनात, माझ्याकडे वळल्या. "हे म्हणत, नवी गाडी कितीही येऊ दे, हिच्यावाणी ताकद तिच्यात नसन. तू सांग गा, तुले समजते. कोणाची ताकद जास्त?"

शहाण्या माणसाने इथे मित्राच्या तोंडाकडे पाहिलं असतं. मी मासिकं आठवली. "काकू, हिचे तीनशेच्या वर घोडे. त्या नवीचे दोनशेही नाहीत. तुलनाच नाही."

मित्राने माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"मंग लावा शर्यत," काकू म्हणाल्या. "हे जिंकले तं गाडी इथंच राहीन. हरले तं घेऊन जा, मी आडवी येणार नाही."

"हे जिंकले" म्हणाल्या. गाडीचं नाव काढलं नाही.

डॉक्टरांना गंमत वाटली. अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे, भर दुपारी जमायचं ठरलं, कारण त्या वेळी ट्रकवाले झाडाखाली झोपलेले असतात. आम्ही काटोल, कोंढाळीवरून निघालो. मित्र चालवत होता, काकू त्याच्या शेजारी, मी मागे गुडघे छातीशी घेऊन.

वाटेत माझी अक्कल जागी झाली. गाडी पेट्रोल पीत होती म्हणजे अक्षरशः पीत होती, आणि पेट्रोल तर सोन्याच्या भावाचं. आमच्याकडे विहिरीवरचा पंप पेट्रोलवर सुरू करतात आणि इंजिन तापलं की रॉकेलवर टाकतात. बागेतल्या प्रत्येकाला ही रीत माहीत. पंप पितो तर ही काहून नाही पिणार? काटोल सोडल्यावर गाडी थांबवायला लावून मी डिकीत पडलेला पंपाचा रॉकेलचा डबा टाकीत अर्धा रिकामा केला. मित्राने पाहिलं आणि एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, माझ्या हुशारीवर खूश झाला.

डॉक्टर वाट पाहत होते. त्यांची गाडी पांढरी, आवाज इतका कमी की चालू आहे की नाही ते हात लावून पाहावं लागे. दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. रस्त्यावर दूरवर पाणी चमकत होतं. ते पाणी नव्हतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. डॉक्टरांनी खिडकीतून हात हलवला.

सुटलो. पहिल्या झटक्याला आमचं नाक पुढे होतं आणि मी मागून ओरडलोही. मग इंजिनात कुणी टिनाच्या डब्यात गोटे घालून हलवावेत तसा आवाज सुरू झाला. मित्र पाय दाबत होता आणि गाडी दमेकऱ्यासारखी खोकत होती.

"जोर लावा ना," काकू म्हणाल्या. "काहून मागं राहून राहिले? जोर लावा!"

आईने जन्मात कधी पोराला अहो-जाहो केलं नव्हतं. मित्राचे कान लाल झाले. त्याने मान वळवली नाही, आणि मला आरशात फक्त त्याचे डोळे दिसले. ते रस्त्यावर नव्हते. स्वतःच्या हातांकडे पाहत होता, स्टिअरिंगवरचे ते हात आपलेच आहेत ना, अशा नजरेने.

पांढरी गाडी शांतपणे पुढे गेली, लहान झाली आणि एका कडुलिंबाखाली जाऊन थांबली. आम्ही खोकत तिच्यामागे पोचलो. मित्राने चाबी फिरवली, काढली आणि बाहेर येऊन उभा राहिला.

इंजिन चालूच राहिलं.

चाबी त्याच्या मुठीत होती. त्याने मूठ उघडून पाहिली. गाडी अख्खी थरथरत होती, धड्-धड्, मध्ये एक ठोका चुकवून पुन्हा धड्-धड्, आणि काकू आत बसून होत्या, हात मांडीवर ठेवून.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आतला कार्बन तापून लाल होतो. ठिणगी लागत नाही मग, आपोआप पेट घेतं. आत्ता थांबेल."

थांबलं नाही.

"पेट्रोल हलकं असलं की असं होतं. काय घातलंय यात?"

मित्र माझ्याकडे बघायला लागला. गप्प राहा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण माझे तीनशे घोडे हरले होते ना! त्यांची अब्रू माझ्या हातात होती. "रॉकेल घातलं मी," मी सांगून टाकलं. "नाहीतर जिंकलीच असती. मासिकात छापलंय."

डॉक्टर हसले. "अरे, त्या काळी कंपन्या इंजिन उघडं मोजायच्या. पंखा नाही, सायलेन्सर नाही, नुसतं स्टँडवर बांधून. आता सगळ्या अंगावरच्या सामानासकट मोजतात. हिचं वजन कपडे काढून केलंय, माझीचं स्वेटर घालून. शिवाय जुन्या इंजिनाला भारी पेट्रोल लागतं, नवं काहीही पितं. आत्ता थांबेल हं."

त्यांनी सिगारेट पेटवली. ती निम्मी झाली तरी इंजिन चालूच. गिअर टाकला तर बंद पडेल, ते म्हणाले, पण आत जाऊन बसायला कुणी पुढे झालं नाही. मी तर नाहीच. त्या जागेवर एकदा बसून झालं होतं माझं.

काकूंना आमचं बोलणं सगळं ऐकू गेलं होतं. रॉकेल, कपडे, कार्बन. आता त्या पुन्हा शर्यत मागतील आणि मित्राच्या आयुष्याचं मी पुन्हा वाटोळं केलेलं असेल, असं मला वाटलं. त्या डावीकडच्या सीटकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऐकलं ना? कारण काई असो. हरलो आपण. उतरा आता."

इंजिन थांबलं.

एकदम. ठोका चुकला नाही, आचका दिला नाही. मागाहून मी याची सगळी शास्त्रीय कारणं वाचली. आजच्या अमेरिकन गाड्या पाचशे घोडे घेऊन येतात, कपड्यांसकट मोजलेले, आणि बटण दाबलं की मुकाट मरतात, हेही वाचलं. त्या कारणांत "उतरा" हा शब्द मला कुठे सापडला नाही.

काकू आपल्या बाजूने उतरल्या, गाडीला वळसा घालून डावीकडे आल्या. दार मित्राने उघडंच टाकलं होतं. ते धरून त्या उभ्या राहिल्या. एखाद्या जाड माणसाला खाली उतरायला वेळ लागावा तेवढा वेळ. मग दार लावलं, मित्राच्या मुठीतून चाबी घेतली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "सांभाळून चालवा," म्हणाल्या. डॉक्टरांची सिगारेट हातातच विझली होती.

वाडीच्या एसटी थांब्यापर्यंत आम्ही पायी निघालो. गोदामांच्या भिंतीला लागून सावलीची एक बारीक पट्टी होती, तीत मी भराभर जाऊन शिरलो.

"तिकून चाल गा," काकू म्हणाल्या. "त्यायले ऊन सोसत नाही."

मी एकही प्रश्न न विचारता उन्हात आलो. काकू पुढे, सावलीच्या कडेकडेने, पाऊल आखडतं घेत, पंपाच्या पट्ट्याचं काहीतरी सांगत चालल्या होत्या. मध्ये मध्ये थांबत होत्या.

मित्र माझ्या शेजारी आला.

"गोठ्यात होते तोवर," तो म्हणाला, "कुठं बसून राहिले ते तरी माहीत होतं बे."