द्वारकाबाईचा पहिला पेला

द्वारकाबाई कुंभारणीला किळस म्हणजे काय, ते ठाऊकच नव्हतं. पैठण रस्त्यावरच्या आपल्या पत्र्याच्या दुकानामागं ती साठीतही घोड्याची लीद हातानं कुस्करून मातीत मिसळायची आणि पदर खोचून तो चिखल पायानं तुडवायची. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावायची तेव्हा तिला हसू यायचं. लीद भट्टीत जळून जाते, जाताना मडक्याच्या अंगात बारीक छिद्रं सोडून जाते. त्यातून पाझरतं म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. आणि ही शहाणी माणसं नाकं मुरडणार!

यंदा मात्र तिलाच उमासे आले. माती आणायच्या नेहमीच्या तळ्याच्या जागी प्लॉट पडले, म्हणून तिचा मुलगा गोकुळ कंपन्यांमागच्या नाल्याचा गाळ टिप्परभर घेऊन आला. काळा मिचकूट, वर तेलाचा तवंग. तुडवताना पायाखाली गुटख्याच्या पुड्या, ब्लेडचा तुकडा, लहान पोराचं डायपर. ते तिनं काठीनं उचलून लांब भिरकावलं आणि पाय दगडानं घासघासून धुतले. तरी जेवताना घास नाकाजवळ आला की तोच वास. लोकांना लाज कशी वाटत नाही, हेच तिला कळेना.

"मातीच हाय ना, आई. आगीत सगळं जळतं," गोकुळ म्हणाला.

चाकावरून माठ देखणे उतरले, हे खरं. आत दगडी गोळा धरून, बाहेरून थापीनं ठोकत द्वारकाबाईनं त्यांची पोटं फुगवली, गेरू चढवला, भट्टी लावली. उन्हाळ्याची सगळी कमाई याच एका भट्टीवर होती. पण त्या घरची एक रीत होती. पहिला माठ रात्रभर भरून ठेवायचा, सकाळी त्यातला पहिला पेला घरच्या बाईनं प्यायचा आणि मगच विक्रीला हात लावायचा.

सकाळी तिनं पेला तोंडाला लावला आणि जागेवरच थुंकली. रॉकेलात औषधाची बाटली विसळावी, तसली चव.

"दोन-चार दिवस पाणी बदललं की जातंय," गोकुळ म्हणाला. "लोकांना काय कळतंय?"

त्या पाण्यापेक्षा तिला या बोलण्याची शिसारी आली. हा आपल्याच पोटचा, या विचारानं तर जास्तच.

तेवढ्यात राहतआपा आल्या. दर साली रमजानला त्या इथूनच माठ न्यायच्या. "आज पहिला रोजा. इफ्तारला तुमच्याच माठातलं पाणी लागतं बघा," त्या म्हणाल्या. गोकुळनं पटकन एक माठ पुसून पुढं केला.

दिवसभर उपाशी राहून बाई पहिला घोट हा घेणार? द्वारकाबाईनं माठ हिसकून घेतला, पालथा घातला आणि खिळा ठेवून दगडानं बुडाला भोक पाडलं. मग दुसऱ्या माठाला. मग तिसऱ्याला.

"येडी झालीस का?" गोकुळ किंचाळला. "भोकाचं मडकं मयताला लागतं. कोण घेणार हे?"

"झाडाला थेंबथेंब पाणी द्यायला मुळाशी पूर. माणसाच्या तोंडाला नको." ती राहतआपांकडं वळली. "आपा, या खेपेची माती नासकी हाय. माझ्या घरातला जुना माठ देते, दोन उन्हाळे आम्हीच पेलो त्यातून. गार कमी करतो, पण पाणी पाण्यावानी लागतं. चालंल का?"

"चलता की," राहतआपा म्हणाल्या आणि तो माठ कडेवर घेऊन गेल्या.

संध्याकाळी गोकुळनं पाण्याचा प्लास्टिकचा जार आणून जुन्या माठाच्या रिकाम्या तिवईवर ठेवला. आजूबाजूला भोकाच्या माठांची रांग. अजान झाली, तशी द्वारकाबाईलाही तहान लागली. तिनं जारमधून पेला भरला, नाक मुरडलं आणि कुंभाराच्या घरात बसून ते पाणी प्यायली.